शिंगाची मूठ आणि खान्देशचा उन्हाळा: तीन घडीच्या चाकूंचा हिशेब

खोक्यात चाकूसोबत एक छापील चिठ्ठी येते: ‘शिंग हा नैसर्गिक पदार्थ असल्याने रंग, रेषा व पोत यांत फरक असणारच, त्यास दोष समजू नये.’ वाक्य खरं आहे. अडचण एवढीच की मुठीत पुढे जे काही होईल, मग ती रेष असो की चीर, ते याच वाक्याखाली ढकलता येतं. एकाच कारागिराकडे ऑर्डर देऊन बनवून घेतलेले तीन चाकू मार्चपासून सप्टेंबरअखेरपर्यंत भुसावळ-रावेर पट्ट्यात रोजच्या वापरात होते. पातं आणि सांगाडा तिन्हींचा सारखा, मुठीचं शिंग तेवढं वेगळं: पहिल्याला म्हशीचं काळं, दुसऱ्याला पट्टेरी, तिसऱ्याला मेंढ्याचं. त्यामुळे शिंगाचा स्वभाव उघडा पडला.

पात्याचं आधी उरकून टाकू. बंद लांबी १०० मिमी, पातं ७८ मिमी, जाडी २.५ मिमी, पोलाद डी-टू. आत १.२ मिमीचे स्टेनलेस लायनर (मुठीच्या आतले दोन पत्रे), पुढे पितळी बोल्स्टर (मुठीच्या पुढच्या टोकाचा धातूचा भाग), लायनर लॉक (उघडं पातं अडवून धरणारी लायनरचीच पट्टी). पातं मधोमध बंद होतं, लॉक हलत नाही, सुतळी नि ठिबकची १६ मिमी नळी कापून धार चांगली टिकते. डी-टू पूर्ण स्टेनलेस नाही. केळीचा चीक लागून रात्रभर राहिला तर सकाळी करडे डाग पडलेले असतात. किंमत प्रत्येकी साडेसहा हजार, मेंढ्याच्या शिंगाला बाराशे जास्त. पात्याबद्दल या पैशात तक्रार नाही.

आता मूठ. लायनरच्या दोन्ही अंगांना शिंगाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. पहिल्या दोन चाकूंत त्या एपॉक्सीनं (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदानं) चिकटवून वर २ मिमीचे दोन-दोन पितळी खिळे ठोकलेत. मेंढ्याच्या चाकूत प्रत्येक पट्टी फक्त तीन बारीक स्क्रूंवर आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

शिंग म्हणजे हाड नव्हे. हाडाचा गाभा आत असतो, त्यावर चढलेलं कवच म्हणजे शिंग. आपली नखं-केस ज्या केराटिनचे, त्याच केराटिनचं. पोळ्याआधी बैलांची शिंगं साळताना ज्याच्या हातात विळा होता त्याला हे समजावायला नको: पापुद्रा निघतो तो शिंगाच्या लांबीनं, आडवा कधी निघत नाही. मुठीतही तेच. लांबीत शिंग जवळपास जागचं हलत नाही; रुंदीत आणि जाडीत हवेप्रमाणे आकसतं, फुगतं. आणि फाटलंच तर लांबीच्या रेषेत, दोन पापुद्र्यांच्या मधून फाटतं.

पट्टी शिंगाच्या कुठल्या भागातून काढली यावर निम्मं भवितव्य ठरतं. शेंड्याकडचा भाग भरीव असतो. तिथून करवतीनं चिरलेली पट्टी मुळातच सपाट निघते. बुडाकडचा भाग पोकळ, नळीसारखा; तो उभा चिरून, तापवून, शिकंज्यात दाबून सपाट करतात. दाबलेल्या पट्टीला आपला मूळचा बाक आठवतो, आणि उष्णता नि ओल दोन्ही मिळाली की ती तिकडे परत जायला बघते. ओळखायचं कसं? पट्टीची कड बघा, समोरचा भाग नव्हे. दाबलेल्या पट्टीच्या कडेला वहीची पानं मिटल्यासारख्या, वरच्या पृष्ठभागाला समांतर बारीक रेषा दिसतात. भरीव शेंड्याच्या पट्टीच्या टोकाला त्या कमानीसारख्या वळतात, कधी मधोमध गाभ्याचा एक गडद ठिपका असतो.

म्हशीच्या जातीचाही हात असतो. मुऱ्हाचं शिंग जिलबीसारखं वळलेलं, त्याच्या भरीव भागातून १०० मिमीची सरळ पट्टी मिळणं मुश्कील. नागपुरी आणि पंढरपुरी म्हशींची शिंगं लांब, तलवारीसारखी. जाफराबादीची जाड आणि रुंद. चांगला कारागीर ‘म्हशीचं शिंग’ एवढ्यावर थांबत नाही, कुठल्या आकाराचं होतं हेही सांगू शकतो. या कारागिराला विचारल्यावर ‘उत्तरेतून येतं’ एवढंच उत्तर आलं. उत्तर प्रदेशातलं संभल हे शिंगकामाचं जुनं ठिकाण आहे, तेव्हा त्यात नवल नाही. पण पट्टी शेंड्याची की दाबलेली, हे त्याला माहीत असायला हवं होतं.

काळी मूठ. अस्सल काळं शिंग शाईसारखं काळं कधीच नसतं. दुपारच्या उन्हात मूठ तिरकी धरली की पातळ कडेला तपकिरी झाक येते, कुठेतरी राखाडी रेघ जाते. सगळीकडे एकसारखा, कोळशासारखा काळा रंग दिसला तर पट्टी रंगवलेली असण्याची शंका घ्यावी. पट्टीच्या आतल्या, लायनरपलीकडे डोकावणाऱ्या कडेवर नेलपॉलिश रिमूव्हरचा पांढरा बोळा फिरवा. बोळा काळा झाला तर रंग आहे. इथे बोळा स्वच्छ निघाला. उजव्या पट्टीवर मागच्या खिळ्याच्या वर गव्हाच्या दाण्याएवढा फिकट डाग आहे, डाव्या पट्टीवर नाही. हा खरा नैसर्गिक फरक, आणि तो बघायला छान वाटतो. मे महिन्यात लायनरची कड शिंगापेक्षा नखाला जाणवेल न जाणवेल एवढी वर आली, पावसाळ्यात परत सारखी झाली. दोन्ही पट्ट्या भरीव शेंड्याच्या, एकाच तुकड्यातून निघालेल्या दिसतात. या चाकूबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही, आणि चाकूबद्दल यापेक्षा चांगलं काय लिहिणार!

पट्टेरी मूठ. फोटोत सगळ्यात देखणी हीच. काळ्यात पिवळट-करडे पट्टे, उजव्या बाजूला नदीच्या गाळासारखे थर. डावी बाजू पुष्कळ फिकी, जवळजवळ मधाच्या रंगाची. रंग जुळत नाही म्हणून परत पाठवायचं कारण नाही. पट्टेरी शिंगात दोन बाजू जुळणं हाच अपवाद. पण डाव्या पट्टीची कड बघितल्यावर त्या वहीच्या पानांसारख्या रेषा स्पष्ट दिसल्या. उजवी भरीव शेंड्याची, डावी दाबलेली. म्हणजे रंगाची न जुळलेली जोडी ही खरं तर दोन वेगळ्या स्वभावांची जोडी होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोजलं तेव्हा दोन्ही पट्ट्या लायनरशी सपाट होत्या. मेच्या मध्यावर, पारा ४५ च्या आसपास आणि दुपारची हवा कोरडी ठाक असताना, उजवी पट्टी दोन्ही कडांना मिळून ०.१ मिमी आत गेली होती, डावी ०.३ मिमी. ०.३ ऐकायला किरकोळ वाटतं. पण लायनरची पोलादी कड तेवढी उघडी पडली की मूठ घट्ट आवळून दहा-बारा दोऱ्या कापल्यावर तळहाताला तिची जाणीव होते. शिवाय डाव्या पट्टीचा मागचा कोपरा लायनरपासून सुटला होता. टॅपेट सेट करताना फट मोजायच्या फीलर गेजची ०.१५ मिमीची पट्टी खाली सहज सरकली.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. मागच्या खिळ्यापासून शेवटापर्यंत १४ मिमीची, केसाएवढी चीर. कारण सरळ आहे. खिळा भोकात घट्ट बसवून वरून ठोकला, तो आत फुगला. शिंग आकसायला निघालं, पितळ आकसेना. ताण भोकाभोवती साठला आणि जिथे शिंग सहज फाटतं तिथे, म्हणजे लांबीच्या रेषेत, फाटलं. खिळ्यासाठी भोक ०.१ मिमी मोठं ठेवून उरलेली जागा एपॉक्सीनं भरली असती आणि खिळा ठोकला नसता तर ही चीर बहुधा पडली नसती. ऑगस्टमध्ये हवा दमट झाल्यावर फट मिटली, कोपरा बसला. चीर मात्र हाताचा मळ भरून काळ्या रेषेसारखी कायम राहिली, आणि मधाच्या रंगावर ती लांबूनही दिसते.

तक्रार केल्यावर कारागिरानं त्याच छापील चिठ्ठीचा फोटो पाठवला. हे पटण्यासारखं नाही. शिंग आकसतं हे नैसर्गिक. आकसणाऱ्या वस्तूत खिळा ठोकून बसवणं हा कामातला दोष.

मेंढ्याची मूठ. या चाकूकडून सगळ्यात कमी अपेक्षा होती. मेंढ्याचं शिंग वळलेलं आणि पोकळ, त्यामुळे पट्टी दाबलेलीच मिळणार. रंग गुळासारखा, काही ठिकाणी दुधी, वरच्या बाजूला मूळच्या लाटा तशाच ठेवलेल्या. दोन बाजू एकमेकींच्या बहिणीही वाटत नाहीत. पण पट्टी ४.५ मिमी जाड (बाकी दोन्ही ३.५), आणि स्क्रूची भोकं सैल. उन्हाळ्यात पट्टी मध्यभागी किंचित उचलली, पावसाळ्यात बसली. चीर नाही, पापुद्रा सुटलेला नाही. दिसायला सगळ्यात ‘नैसर्गिक फरक’ असलेली मूठच सगळ्यात कमी त्रासाची ठरली, ती तीन स्क्रूंच्या कृपेनं.

तिचा दोष वेगळा. फिकं शिंग अर्धपारदर्शक असतं. पुढच्या स्क्रूजवळ पट्टी पातळ झालीय, तिथे खालच्या लायनरवरचे कानशीचे ओरखडे आरपार दिसतात. फिक्या शिंगाखाली काळा किंवा पांढरा फायबरचा पातळ पदर घातला की हे झाकलं जातं आणि रंगही एकसारखा उठून दिसतो; काळ्या पदरावर शिंग गडद, पांढऱ्यावर उजळ. ऑर्डर देताना हे विचारलंच जात नाही. आणि केळीची फणी कापताना चीक उडाला तर फिक्या शिंगावर तपकिरी डाग बसतो. काळ्या मुठीला त्याची फिकीर नाही. रावेर-यावलच्या बागांत चाकू वापरणार असाल तर रंग निवडताना हे आधी धरा.

पांढरट धुरकट ठिपक्यांबद्दल थोडं. नवीन मुठीत ते कधी दिसतात, आणि विक्रेते त्यालाही शिंगाची नक्षी म्हणतात. काही वेळा असतेही. पण बेल्ट ग्राइंडरवर शिंग तापलं की पापुद्रे आतल्या आत सूक्ष्म सुटतात, त्यात हवा शिरते आणि जागा पांढरट दिसते. (काम करताना जळालेल्या केसांचा वास आला तर तेव्हाच समजावं.) तेल लावलं की हवा निघून तेल भरतं, डाग गायब. म्हणून तेलानं चकचकीत करून पाठवलेली मूठ आधी स्पिरिटच्या फडक्यानं पुसून दहा मिनिटांनी बघायची. नक्षी असेल तर तिची रेष तशीच राहते. सुटलेला पापुद्रा असेल तर ढगासारखा पुन्हा वर येतो. पट्टेरी मुठीच्या डाव्या पट्टीवर बोल्स्टरला लागून असा एक ढग निघाला.

खान्देशात शिंगाला नुसत्या उन्हापेक्षा ये-जा जास्त जाचते. दिवसभर बाहेरची भट्टी, आणि रात्री खिडकीतल्या कूलरसमोरचं टेबल. कूलरची ओली हवा थेट अंगावर घेणारी मूठ रात्री फुगते, दुपारी आकसते; जुलैपर्यंत जे हळूहळू व्हायचं ते रोज होतं. चाकू कूलरच्या खोलीत ठेवायचा असेल तर कपाटात, बंद डबीत.

दुसरी जागा गाडीचा डॅशबोर्ड नि मोटरसायकलची डिक्की. साध्या तपमानाला सुकलेलं एपॉक्सी बरेचदा ५० ते ६० अंशांच्या दरम्यान मऊ पडायला लागतं, आणि मेमध्ये उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढं तपमान सहज होतं. चिकट पदार्थ सैल, त्यात दाबलेल्या पट्टीला जुना बाक आठवलेला. संध्याकाळी थंड झाल्यावर फट तयार. खिशात ठेवलेला चाकू यापेक्षा पुष्कळ सुखी असतो.

तेलाबद्दल प्रत्येकाचं आपलं मत असतं. घरचं शेंगदाणा तेल लावू नका, काही आठवड्यांत खवट होतं आणि चिकटतं. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन पुरे. प्रत्येक बाजूला दोन-तीन थेंब, बोटानं चोळायचे, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसायचे. एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवसांनी, बाकी वर्षभर महिन्यातून एकदा. पुसायचा कंटाळा केला तर काळ्या मातीची धूळ तेलावर बसते, पातं उघडता-मिटता पिव्हटमध्ये (पातं ज्या खिळीवर फिरतं तिथे) जाते आणि घासणीचं काम करते. त्यावर मधमाशीच्या मेणाचा पातळ हात दिला तर ओलावा आत-बाहेर जाण्याचा वेग कमी होतो. थांबत मात्र नाही. उकळत्या पाण्यात धुणं, भांड्यांच्या टबात रात्रभर भिजत ठेवणं हे शिंगाला सोसत नाही. लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेतही ठेवू नका. कसर लोकर खाते तशी शिंगही खाते, दोन्ही केराटिनच.

केसाएवढी चीर घरी भरता येते, पण महिना बघून. मेमध्ये चीर सर्वांत उघडी असते, तेव्हा गच्च भरली तर पावसाळ्यात फुगलेल्या शिंगाला जागा उरत नाही आणि शेजारी नवी चीर पडते. ऑगस्टमध्ये ती मिटलेली, गोंद आत जात नाही. ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी ठीक. आधी स्पिरिटनं तेल काढा, दिवसभर सुकू द्या. पाण्यासारखं पातळ सायनोअॅक्रिलेट (फेविक्विकच्या जातीचं) सुईच्या टोकानं चिरेवर सोडा, ते आपोआप आत ओढलं जातं. मिनिटभरानं दुसरा थेंब. चोवीस तासांनी ४००, ६००, १००० नंबरचा पॉलिश पेपर, लांबीच्या दिशेनं, हातानं. मास्क लावूनच; शिंगाची धूळ छातीला वाईट. पिव्हटवर आधी मास्किंग टेप लावा, एक थेंब आत गेला तर चाकू उघडणार नाही.

आणि ऑगस्टमध्ये शिंग लायनरच्या वर आलेलं दिसलं म्हणून ते घासून सपाट करण्याचा मोह टाळा. तेव्हा सपाट केलेली मूठ पुढच्या मेमध्ये दुप्पट आत जाते.

किनाऱ्याकडच्या दमट हवेत बसवलेली पट्टी इथे आल्यावर आकसणारच, तेव्हा ऑर्डर देताना कारागिराला एवढं लिहून द्यावं: दोन्ही पट्ट्या एकाच शिंगाच्या भरीव भागातून, शेजारी-शेजारी चिरलेल्या, तयार जाडी किमान ४ मिमी, खिळे ठोकू नका, स्क्रू किंवा सैल भोकात एपॉक्सी, चिरलेल्या पट्ट्या चिकटवण्याआधी सुकायला ठेवून दर आठवड्याला वजन करा, सलग तीन आठवडे वजन बदललं नाही की मगच बसवा. शेवटची अट ऐकून बरेच जण कुरकुरतात, कारण त्यात दोन-तीन महिने जातात. जे मान्य करतात त्यांच्याकडेच पैसे द्यावेत. फोटो पट्ट्यांच्या कडांचा मागावा.

परदेशी जाहिरातींत ‘स्टॅग’ मुठी दिसतात, तशी सांबरशिंगाची मूठ कुणी इथे देऊ केली तर नको म्हणा. ते शिंग नव्हे, दरवर्षी गळणारं हाड आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली त्याच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. जंगलात गळून पडलेलं आहे म्हटल्यानं सूट मिळत नाही. चाकू बाळगण्याचं म्हणाल तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला परवाना लागू शकतो, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाची हत्यारं सोडून. ७८ मिमी म्हणजे जेमतेम ३ इंच. तरी सणावारी, निवडणुकीत जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा (शस्त्रं बाळगण्याला बंदीचा) आदेश लागला असेल तर हा चाकू खिशात घालून बाजारात हिंडू नये. पोलिसाला मुठीची नक्षी दाखवून उपयोग होत नाही.

काळा चाकू आहे त्या किमतीत घेण्यासारखा. मेंढ्याचा बाराशे जास्त देऊन घ्यावा तो स्क्रूंसाठी, खालचा फायबरचा पदर आधी ठरवून. पट्टेरीच्या दोन्ही पट्ट्या बदलायला कारागीर आता नऊशे रुपये मागतोय. ऑक्टोबरमध्ये चीर भरून आणखी एक उन्हाळा काढावा आणि मगच ते नऊशे द्यायचे की नाही ते ठरवावं.